छापण्यास हरकत नाही

सावत्र आई म्हटलं की पुढची गोष्ट लोकांना आधीच ठाऊक असते. तिने छळ केला का, असं कोणी विचारत नाही. किती केला, एवढंच विचारतात. मी बत्तीस वर्षं सावत्र आई आहे आणि अठ्ठावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांची प्रुफं वाचते आहे, तेव्हा या विषयातलं मला दोन्ही बाजूंनी कळतं.

आमचा छापखाना म्हणजे अरुंद गल्लीतल्या तळमजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत मालक, दुसरीत ऑपरेटर आणि त्याचे दोन संगणक, तिसरीत मी आणि कागदाचे गठ्ठे, आणि मागच्या मोठ्या खोलीत यंत्र. ते सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा कपात थरथरतो. माझं काम म्हणजे कोणीही उठावं आणि करावं असं आहे, हा सगळ्यांचा समज. मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, ओळीखाली पट्टी, आणि एकेक शब्द ताडून बघायचा. चुकीवर लाल खूण. सगळं बरोबर झालं की पहिल्या पानावर लिहायचं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि खाली सही, तारीख. ती सही बघितल्याशिवाय यंत्रावरचा माणूस कागदाला हात लावत नाही. हा नियम थोरल्या मालकांचा. ते म्हणायचे, ‘‘बाई, छापलेली चूक कोणाची? जिची सही तिची.’’ थोरले मालक गेले. आता त्यांचा मुलगा आहे. त्याच्या बारशाला मी गेले होते आणि आता तो मला सुधारणा सुचवतो.

तर झालं काय, की या वर्षी आमच्याकडे एका मास्तरांची वही आली. मास्तर वारले तेव्हा त्यांच्या पुतण्याला ती ट्रंकेत सापडली. नऊ परीकथा होत्या. मास्तर सुट्टीत गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांकडून गोष्टी उतरवून घ्यायचे, ज्या म्हातारीने जशी सांगितली तशी, शब्दही न बदलता. समासात बारीक अक्षरात टिपा लिहायचे. मी आजवर राजकन्या आणि बोलणारे ससे इतके वाचले आहेत की विचारू नका, पण या वहीने मला धरून ठेवलं.

पहिली गोष्ट होती कोळसेवाल्याच्या दोन पोरांची. दुष्काळ पडतो. घरात एक मूठ धान्य उरतं. आई चुलीपाशी बसून नवऱ्याला म्हणते, पोरांना नावेत घालून नदीपलीकडे सोडून येऊ, इथे राहिलो तर चौघंही मरू. बाप रडतो. थोरली पोर झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत असते. पुढे नदीपलीकडे राक्षसीण, तिच्याकडे कधी न संपणारं पातेलं, आणि शेवटी पोरं सुखरूप. या गोष्टीच्या समासात मास्तरांनी लिहिलं होतं, ‘सांगणारीने आईच म्हटले. मी विचारले, सावत्र होती का? तर म्हातारी हसली. म्हणाली, दुष्काळात सावत्र कुठून आणायची मास्तर? घरात होती तीच होती.’

ती टीप मी तीन वेळा वाचली. मग बाकीच्या गोष्टीही वेगळ्याच दिसायला लागल्या. बाळंतपणात बाया पटापट मरायच्या, म्हणून गोष्टींमध्ये घरोघरी दुसरी. धान्य नसायचं, म्हणून पोरं रानात. राक्षसाच्या घरी नेहमी भरलेलं कोठार, कारण उपाशी माणसाला दुसरं काय सुचणार? या म्हाताऱ्या परीकथा सांगत नव्हत्या, आपल्या घरची हकीकत सांगत होत्या. परी शेवटी यायची, कारण शेवट तेवढा खरा नसायचा.

दुसऱ्या दिवशी धाकटे मालक वही घेऊन माझ्या खोलीत आले.

‘‘बाई, या पहिल्या गोष्टीत आई पोरांना टाकून येते.’’

‘‘हो. मास्तरांनी तसंच लिहिलंय.’’

‘‘तसं चालायचं नाही. मुलांचं पुस्तक विकत कोण घेतं? आया घेतात. दुकानात उभं राहून पहिलं पान वाचलं आणि त्यात आईच पोरांना नदीपलीकडे सोडतेय म्हटल्यावर ती पुस्तक परत ठेवून देईल. सावत्र करा.’’

‘‘सावत्र करा म्हणजे?’’

‘‘म्हणजे आईच्या आधी सावत्र घाला. बास.’’

‘‘आणि बाप?’’

‘‘बापाचं काय?’’

‘‘बाप सख्खाच ठेवायचा?’’

‘‘तो बिचारा रडतोय की त्यात,’’ मालक म्हणाले आणि वही माझ्या टेबलावर ठेवून गेले.

रडलं की सुटका. पुरुषांचं बरं असतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पेन्सिल मोडली.

आता मला एवढा राग का आला ते सांगते, म्हणजे मी उगाच डोक्यात राख घालून घेणारी बाई आहे असं वाटायला नको. आमच्या ह्यांची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मागे पाच वर्षांची मुलगी राहिली, आमची थोरली. वर्षाने मी त्या घरात आले. तिच्या आजीने तिला सांगून ठेवलं होतं, हिला मावशी म्हणायचं. ती मावशी म्हणायला लागली. मी कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला, आमचा धाकटा.

थोरली आठ वर्षांची आणि धाकटा वर्षाचा असताना ते वर्ष आलं. सलग दुसऱ्यांदा पीक बुडालेलं, दुकानांपुढे रांगा, रांगेच्या शेवटी रिकामी पोती. त्यातच बाटल्यांच्या कारखान्याची भट्टी विझली. हे त्याच भट्टीवर होते. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. मी शिवणयंत्र विकलं, कानातलं विकलं, मग एकेक करून भांडी विकली. पेज इतकी पातळ व्हायची की वाटीचा तळ दिसायचा. थोरलीचे गुडघे मनगटांसारखे दिसायला लागले होते. धाकटा अंगावर पीत होता, आणि माझ्याच अंगात काही नव्हतं.

नदीकाठी मुलांचं एक वसतिगृह होतं. दोन वेळचं जेवण आणि शाळा. पण सहा ते बारा वर्षांचीच मुलं घ्यायचे, तान्हं घेत नव्हते. हे म्हणाले, ‘‘थोरलीला तिथे पाठवू या.’’ मी काही बोलले नाही. ते घरातले मोठे, ती त्यांची मुलगी. मी कोण बोलणार? अशी ती गेली आणि दोन वर्षं चार महिने तिथे राहिली. दर रविवारी मी चालत जाऊन तिला भेटून यायचे. मला छापखान्यात काम लागल्यावर दोन महिन्यांत मी तिला घरी आणलं.

गल्लीला गोष्ट त्याच संध्याकाळी कळली होती. ‘‘सावत्र ती सावत्रच,’’ नळावरच्या बायका मला नीट ऐकू येईल इतक्या हळू बोलायच्या. ‘‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’’ ह्यांना कोणी काही म्हणालं नाही. ह्यांना शेजारी चहा पाजायचे. वसतिगृहात तान्हं घेत असते तर मी धाकट्याला पाठवला असता, असं मी त्या बायकांना ओरडून सांगणार होते. सांगितलं नाही. खरंच पाठवला असता का, ते मला आजही माहीत नाही.

हे वारले त्याला आता नऊ वर्षं झाली. ज्याला ठेवला तो धाकटा समुद्रापलीकडे असतो. महिन्यातून एकदा फोन करतो आणि बोलताना त्याच्या मागे टीव्ही चालू असतो. जिला पाठवली ती थोरली दोन गल्ल्या सोडून राहते, इस्पितळात नर्स आहे, आणि माझं ब्लडप्रेशर तीच तपासते. अजून मावशीच म्हणते. कधी चढ्या आवाजात बोलली नाही, कधी गळ्यातही पडली नाही. पण तिची मुलगी मला आजी म्हणते. नुसतं आजी. सात वर्षांची आहे आणि प्रश्न इतके विचारते की आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. मला वयामुळे तीन वाजता सोडतात आणि तिची शाळा साडेतीनला सुटते. थोरलीची इस्पितळातली पाळी संपेपर्यंत, म्हणजे सातपर्यंत, ती माझ्याकडे. ते साडेतीन तास हाच माझा दिवस. बाकीचे तास ते यायची वाट बघण्यात जातात. माझ्याकडे तेवढं एकच आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर मालकांचा हुकूम घेऊन मी ऑपरेटरकडे गेले. त्याला आम्ही सगळे ‘बटण’ म्हणतो. काहीही सांगा, त्याचं एकच, ‘‘त्याला एक बटण आहे बाई.’’

‘‘पहिल्या गोष्टीत आईच्या आधी सावत्र घालायचंय,’’ मी म्हटलं. ‘‘पंधरा ठिकाणी आहे. खुणा करून देते.’’

‘‘खुणा कशाला? त्याला एक बटण आहे. एका दमात होईल.’’

झालं. दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. पहिली गोष्ट वाचली. सांगितलं तसं झालं होतं. ‘सावत्र आई चुलीपाशी बसून म्हणाली.’ दात ओठ खात पान उलटलं. दुसऱ्या गोष्टीत एक मुलगी कोरड्या विहिरीत पडते, आणि तिची आई स्वतःचे केस कापून त्यांचा दोर वळते आणि तिला वर काढते. मी वाचलं, ‘तेव्हा सावत्र आईने कात्री घेतली.’ मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला. पट्टी धरून पुन्हा वाचलं. सावत्र आईच केस कापत होती. तिसऱ्या गोष्टीत सावत्र आई मुलाचा ताप आपल्या अंगावर घेत होती. चौथीत सावत्र आई बर्फातून सात दिवस पोर पाठीवर घेऊन चालत होती आणि आठव्या दिवशी मरत होती. बटणने पहिल्या गोष्टीऐवजी अख्ख्या पुस्तकावर बटण दाबलं होतं. नऊच्या नऊ गोष्टींत औषधालाही सख्खी आई उरली नव्हती.

सातव्या गोष्टीत मास्तरांच्या वहीतच एक दुष्ट सावत्र आई होती. तिथे आता ‘सावत्र सावत्र आई’ झालं होतं. त्यातला एक सावत्र मी लाल रेघेने उडवला. असली घाण मी माझ्या हातून छापू देत नाही.

आता खरं तर बटणला हाक मारायची. दोन मिनिटांचं काम होतं. मी बसून राहिले. मागे यंत्र चालू झालं, चहा थरथरायला लागला, आणि मी केस कापणाऱ्या सावत्र आईचं पान पुन्हा काढून वाचलं. काय छान बाई होती ती! मला रडू यायला लागलं. आजवरच्या सगळ्या गोष्टींतलं पाप आमच्या नावावर लागलं आहे. एका पुस्तकात पुण्यही आमच्या नावावर लागलं तर कोणाच्या पोटात का दुखावं? मालकांनीच सांगितलं होतं ना, सावत्र घाला? घातलं. मी लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही’, सही केली, तारीख टाकली, आणि गठ्ठा स्वतः उचलून यंत्राच्या खोलीत नेऊन दिला.

पुस्तक झकास निघालं. मालकांनी मुखपृष्ठ बघितलं, पाठ बघितली, वास घेतला. आपली पुस्तकं ते वाचत नाहीत, हे मला ठाऊक होतं. एक प्रत मी घरी आणली आणि वकीलबाईला रोज एक गोष्ट वाचून दाखवायला लागले. पहिली मुद्दाम वगळली. दोराची गोष्ट तर तिने तीनदा वाचायला लावली.

‘‘आजी, सावत्र आई म्हणजे काय?’’

‘‘जन्म न देता आई होते ती.’’

‘‘म्हणजे तू आईची सावत्र आई आहेस ना? बाबा म्हणाले मला.’’

‘‘हो.’’

‘‘मग तू आईसाठी केस कापलेस?’’

‘‘केस नाही कापले,’’ मी म्हटलं, ‘‘पण कानातलं विकलं.’’ तिने माझे कान नीट तपासून बघितले. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

पण वाचता येणाऱ्या मुलांपासून काही लपत नाही. बुधवारी मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात तिने पहिली गोष्ट स्वतःच वाचली. मी बाहेर आले तर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

‘‘आजी, हीसुद्धा सावत्र आईच आहे. ही मुलांना सोडून येते. आई लहानपणी वसतिगृहात होती ना? तिला तू सोडलंस?’’

चहा उतू गेला, तरी मी गॅस बंद केला नाही.

‘‘मी नाही गं,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या आजोबांनी पाठवलं.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी रडले.’’

‘‘आणि आजोबा?’’

‘‘ते नाही रडले.’’

तिने मान हलवली, वकील हलवतात तशी, आणि पुढची गोष्ट वाचायला सांगितली. सात वाजता थोरली आली आणि तिला घेऊन गेली. मी भांडी घासली. बरं वाटत नव्हतं, पण एवढंसं पोर, तिला काय एवढं लक्षात राहणार, असं म्हणून मी झोपले.

गुरुवारी सकाळी मालकांना एका मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्यांच्या शाळेने चाळीस प्रती घेतल्या होत्या. ‘‘तुमच्या पुस्तकात एकही सख्खी आई नाही, हा काय प्रकार आहे?’’ बाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला माझ्या खोलीत ऐकू आलं. मालकांनी पुस्तक उघडलं. पहिल्यांदाच उघडलं असावं. मग बटणला बोलावलं, मला बोलावलं. बटणचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो काही म्हणायच्या आत मालकांनी प्रूफ काढलं, चाळत सातव्या गोष्टीवर आले, आणि माझी लाल रेघ त्यांना दिसली.

‘‘हे तुम्ही बघितलंत,’’ ते म्हणाले. ‘‘इथला जास्तीचा सावत्र उडवलात. म्हणजे बाकीचेही दिसले होते.’’

‘‘दिसले होते.’’

‘‘बाई, ही याची चूक आहे असं म्हणा. बटण चुकीचं दाबलं आणि तुमच्या नजरेतून सुटलं. मी समजून घेईन.’’

मी बटणकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

‘‘सही माझी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तुमचे वडील सांगून गेलेत, जिची सही तिची चूक. त्याचा काही संबंध नाही.’’

मला निवृत्त व्हायला दोन महिने होते. मालकांनी त्याच दिवशी घरी पाठवलं. उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत घालायचं ठरलं. बटण माझी पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. मी मात्र मान ताठ ठेवून घरी आले. आयुष्यात एक काम तरी स्वतःच्या नावाने केलं, असं मला वाटत होतं. वकीलबाईला कसं सांगायचं तेही मी वाटेत जुळवलं.

साडेतीन वाजले. पावणेचार झाले. वकीलबाई आली नाही. शाळेत फोन केला, तर म्हणाले, तिच्या आईने अर्ध्या तासापूर्वीच नेलं. पाच वाजता थोरली आली, एकटी, इस्पितळाच्या कपड्यांतच. खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं, आणि तिने काही विचारायच्या आत छापखान्यातलं सगळं सांगून टाकलं. फोन, लाल रेघ, बटण, आणि मी कसं म्हटलं की सही माझी आहे. ती ऐकत होती. पाणी प्यायली नाही.

‘‘रात्री तिने मला विचारलं,’’ थोरली म्हणाली, ‘‘आजोबा वाईट होते का.’’

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

‘‘मी म्हटलं, असं का विचारतेस? तर म्हणाली, आजोबांनी तुला टाकलं आणि ते रडलेसुद्धा नाहीत. आजी रडली.’’

‘‘लहान आहे गं ती. मी आपलं काहीतरी—’’

‘‘मी जागी होते, मावशी.’’

‘‘कधी?’’

‘‘त्या दुपारी. मला ताप होता, मी पडद्यामागे झोपले होते. तू पेज ढवळत होतीस. ढवळायची थांबलीस आणि म्हणालीस, ‘थोरलीला वसतिगृहात पाठवू. आणखी दोन महिने असेच गेले तर पहिली तीच जाईल.’ बाबा भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. तू नाही रडलीस. तू परत ढवळायला लागलीस.’’

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळींखाली पट्टी धरली, पण एवढी अचूक ओळ मला कधी सापडली नव्हती. शब्द न् शब्द बरोबर होता. हो, मी म्हटलं होतं. हे काही बोलले नव्हते. त्यांच्याच्याने ते बोलवलंच नसतं, आणि पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती, आणि कोणीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले. मग नळावर गेले, बायकांचं ऐकलं, आणि त्यानंतर ते वाक्य ह्यांच्या तोंडी घातलं. इतकी वर्षं तिथेच ठेवलं. तुम्हालाही मघाशी मी तसंच सांगितलं.

‘‘तू कधी बोलली नाहीस,’’ मी म्हटलं.

‘‘बोलायचं काय त्यात? तू म्हणालीस ते खरं होतं. तिथे मला जेवायला मिळालं, मी जगले.’’ तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. ‘‘पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी वही उघडून विचारलं, तुला इथे कोणी पाठवलं? मी म्हटलं, आईने. मुलींनी विचारलं, दर रविवारी येते ती कोण? मी म्हटलं, आई. दोन वर्षं मी तुला तिथे आईच म्हणत होते. तुझ्यामागे म्हणत होते. घरी गेल्यावर तोंडावर म्हणायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग तू मला घ्यायला आलीस. घरी आलो. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, आणि तू दारातच म्हणालीस, ‘तुझ्या बाबांनी पाठवलं होतं हं तुला. मी नव्हतं म्हटलं.’’’

मला आठवलं. मी तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवत होते.

‘‘बाबा आत बसले होते. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंच नाही, मरेपर्यंत. तू त्यांच्यावर ढकललंस आणि त्यांनी ते घेतलं, कारण बोलायच्या वेळी ते नुसते रडले होते ना.’’ तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘‘नळावरच्या बायकांना सांगितलं असतंस तर चाललं असतं. मला सांगायची काय गरज होती? आणि आता माझ्या मुलीला? छापखान्यात म्हणे सही माझी. घरी का नाही केलीस कधी?’’

मी म्हटलं, ‘‘मी तिला खरं सांगते. उद्या आली की सांगते.’’

‘‘उद्यापासून ती शाळेतून इस्पितळाच्या पाळणाघरात येईल. मी नाव घातलं आहे.’’

‘‘किती दिवस?’’

तिने पिशवीतून ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडे बघत राहिली. तिचा हात माझ्या मनगटावर होता, रोज असायचा तसाच.

‘‘वाढलंय,’’ ती म्हणाली. ‘‘गोळी चुकवू नकोस, मावशी.’’ आणि गेली.

वकीलबाईने पुस्तक खिडकीत ठेवलं होतं, दोराच्या गोष्टीवर उघडं. मी पहिली गोष्ट काढली, पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, आणि एकेक सावत्र उडवत गेले. पंधरा होते, पंधराही उडवले. ‘आई चुलीपाशी बसून म्हणाली’ झालं. मग पहिल्या पानावर सही केली, तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी दार उघडून ठेवलं. सात वाजता लावून घेतलं.